हिमायतनगरपर्यंतचं कनेक्शन

लातुरात आमचं ऑफिस बारदान्याच्या दुकानावर आहे. जिना चढताना पोत्यांचा वास येतो, आणि वर आलं की तीन टेबलं, एक फळा आणि कुरकुरणारा पंखा. नव्या माणसाला वाटतं, आम्ही खालच्या पोत्यांचीच काही लिखापढी करत असू. पूर्वी मी तावातावानं सांगायला जायचे, "आम्ही बिग डेटाचं काम करतो." त्यावर समोरच्याचा चेहरा असा व्हायचा, की मी घरातल्या कुणाचा तरी आजारच सांगितला. मग मी सोपं करून सांगायला शिकले.

सोपं असं, की मराठवाड्यात गावोगाव हवामानाची यंत्रं बसवलेली आहेत. ती दिवसभर तापमान, वारा, हवेतली ओल कळवत असतात. त्यात उपग्रहाची चित्रं आली, आणि मागच्या कित्येक वर्षांच्या नोंदी आल्या. एवढा पसारा एका कॉम्प्युटरच्या आवाक्यातला नाही. म्हणून आठ यंत्रं एकाच कामाला जुंपायची, प्रत्येकाला थोडे थोडे तालुके वाटून द्यायचे आणि शेवटी उत्तर एकत्र करायचं. अशा जुंपलेल्या यंत्रांना क्लस्टर म्हणतात. आमची आठ यंत्रं आमच्या खोलीत नाहीत, कुठल्या तरी लांबच्या इमारतीत आहेत, मी ती डोळ्यांनी कधी पाहिलेली नाहीत. तरी रोज दुपारी एकला मी त्यांना कामाला लावते. एवढा उपद्व्याप करून निघणारं उत्तर अगदी साधं असतं: तुमच्या गावात उद्या फवारणी करा, किंवा उद्या थांबा. हरभऱ्यावर घाटेअळी पडायच्या दिवसांत हे उत्तर चारच्या आत शेतकऱ्याच्या मोबाइलवर जावं लागतं, म्हणजे दुकान बंद व्हायच्या आत त्याला औषध आणता येतं.

आम्ही तिघं आहोत. मी लातूरचीच, पुण्यात अकरा वर्षं नोकरी करून परत आलेली. राग माझ्या नाकावर असतो, हे मी स्वतःच आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगावं लागत नाही. दुसरे उमरीचे. इथं खोली करून राहतात, शनिवारी गावी जातात, दिवसाला दहा वाक्यं बोलतात आणि त्यातली सहा "बघू" असतात. तिसरी जळकोटची. नावं घालू नका असं दोघांनीही मला बजावलंय, तेव्हा गावांवरच भागवते.

जळकोटचीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकली आणि लग्न झाल्यावर पाच वर्षं तिनं त्याला हात लावला नव्हता. सासरी शेती. तिच्या घरात पगाराची नोकरी करणारी ती पहिली बाई. सकाळी घरचं आवरून, मुलीला शाळेत सोडून ती एसटीनं यायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. पहिले दोन महिने ती माझ्याशी बोलताना उभी राहायची. मी ओरडून ओरडून ती सवय घालवली. यंत्रं काम करताना जी रोजनिशी लिहीत जातात तिला लॉग म्हणतात. हजारो ओळींचा रुक्ष मजकूर असतो तो. ती तो गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचायची. आज लॉग वाचण्यात तिचा हात धरणारं माणूस आमच्या कंपनीत तरी नाही, पुण्यातही नाही.

त्या डिसेंबरात एका सोमवारी पुण्याहून मॅनेजरचा फोन आला. माणूस वाईट नाही. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

"मॅडम, तीन आठवडे झाले," ते म्हणाले. "रोज तेच तीन तालुके राहतात. हदगाव, हिंगोली, हिमायतनगर. तिथल्या शेतकऱ्यांना आपला मेसेजच जात नाही."

"सर, डेटाबेस पुण्याचा आहे. तो आमच्या यंत्रांना कनेक्शन नाकारतो. माझ्या क्लस्टरला काही झालेलं नाही."

"इथले लोक म्हणतात, डेटाबेस ठीक आहे."

"इथले लोक म्हणणारच की!"

ते मग म्हणाले, "गुरुवारपर्यंत बघू. गुरुवारी चारच्या आत सगळे तालुके झाले तर प्रश्नच मिटला. नाही झाले, तर शुक्रवारपासून काम इकडे घेतो. लातूरचं ऑफिस बंद करावं लागेल. पण कुणाची नोकरी जाणार नाही, तुम्हा तिघांनाही पुण्यात जागा आहे."

फोन स्पीकरवर होता, दोघांनीही ऐकलं. मी फोन ठेवून यथेच्छ तोंडसुख घेतलं. पुण्याला, डेटाबेसला, हे काम देणाऱ्या क्लायंटला, कुणाला सोडलं नाही. उमरीचे म्हणाले, "बघू." त्यांचं काही अडणार नव्हतं, इथं खोली तशी तिथं खोली. मीही रडतकढत का होईना गेले असते. जळकोटचीला मी आपणहून विचारलं तेव्हा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, "मला पुण्याला कोण धाडणार, ताई?"

तेव्हा त्या आठवड्यात काय पणाला लागलं होतं, ते आम्हा तिघांना पक्कं ठाऊक होतं. तिची नोकरी. आणि लग्नानंतरची पाच वर्षं तिनं पाहिलेली होती, त्यामुळं नोकरी गेल्यावर पुढं काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आता कनेक्शनबद्दल. आमची यंत्रं लातूरच्या हुकमानं चालतात, पण नोंदी सगळ्या पुण्याच्या डेटाबेसात. नोंद हवी तर यंत्रानं डेटाबेसाशी एक कनेक्शन उघडायचं. उघडण्यात वेळ जातो, म्हणून प्रत्येक यंत्र काही कनेक्शनं आधीच उघडून हाताशी ठेवतं. किती ठेवायची, कमीत कमी किती, रिकामी पडली तर किती वेळानं परत द्यायची, मिळत नसेल तर किती वेळ थांबायचं, हे सगळं एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. जेमतेम वीसेक ओळींची फाइल, ओळीत एक नाव आणि त्यापुढं एक आकडा. ती फाइल दोन वर्षांपूर्वी मीच लिहिली होती, आणि मला तिचा अभिमान होता. तेव्हा यंत्रं चार होती आणि सगळं सुरळीत चालायचं. काम वाढलं, चाराची आठ झाली, आणि तिथून हे दुखणं सुरू झालं.

आमच्या कामात तालुके अकारविल्हे लावलेले असतात. अंबाजोगाई, अर्धापूर असे सुरुवातीला, ते पहिल्या यंत्राकडं. ह वरून सुरू होणारे तळाला, ते आठव्याकडं. म्हणून हिमायतनगर कायम शेवटी. तीन आठवडे मी ते नाव स्क्रीनवर लाल रंगात पाहत होते. त्या तालुक्याला माझ्याकडून साधा निरोप जात नव्हता, आणि मी पुण्याशी भांडत बसले होते.

मंगळवारी मी उपाय केला. कनेक्शन कमी पडतात काय, थांबा, असं म्हणून फाइलमध्ये जास्तीत जास्तचा आणि कमीत कमीचा, दोन्ही आकडे वाढवले. पन्नासाचे साठ केले. दुपारी फेरी सुरू झाली. दिवसाला एकच फेरी मिळायची, कारण तो डेटाबेस पुण्याच्या इतरही टीम वापरायच्या. पावणेचारला फेरी कोलमडली. त्या दिवशी तीन नाही, सात तालुके राहिले. उमरीचे बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले आणि त्या दिवशी "बघू" सुद्धा म्हणाले नाहीत. मी आकडे परत पन्नासावर आणून ठेवले.

बुधवारी सकाळी सातला गल्लीत आरोळी उठली, "पाणी आलं!"

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. आठ-दहा दिवसांनी येतं, आणि पुढचं कधी येईल ते खात्रीनं कुणी सांगत नाही. त्यामुळं पाणी आलं की लातूरचं माणूस विचार करत नाही, भरतं. हौद, गच्चीवरची टाकी, ड्रम, बादल्या, हंडे, कळशा, मग पातेली, मग डबे. लहानपणी मी चहाची किटलीसुद्धा भरलेली आहे. नळाला मोटार लावू नये असा नियम आहे, आणि आमच्या गल्लीत मोटार नसलेलं एक घर नाही. त्यातली सगळ्यांत दांडगी माझी. पुण्याहून आल्यावर घरासाठी मी पहिली वस्तू घेतली ती हीच.

त्या सकाळी हौद भरला, टाकी भरली, सगळी भांडी भरली, आणि मी पाइप धरून कूलर भरत होते. एवढ्यात फाटक धाडकन उघडून गल्लीच्या टोकाच्या घरातल्या काकू आत आल्या. काकू निलंग्याकडच्या. रागावल्या की त्यांच्या बोलण्यात अधूनमधून कानडी येतं, आणि त्या सकाळी ते भरपूर येत होतं. ते मला लिहिता येत नाही, मराठी तेवढं लिहिते.

"ओ बाई, बंद करा ती मोटार! आमच्या नळाला नुसती हवा येऊन राहिली!"

"काकू, मोटार तर तुमच्याकडं पण हाय की."

"मोटार घेऊन काय चाटू? पायपात पाणी नको का? पुढची सगळी घरं धरून बसलीत नुसती! तुमचा हौद भरून पाणी नालीत चाललंय, म्या बघितलं डोळ्यानं!"

मी काय बोलले ते लिहायला आजही जड जातंय. मी म्हणाले, "मग घर अलीकडं घ्यायचं होतं."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं, हातातल्या पाइपाकडं पाहिलं, पाइप जिथं सोडला होता तिकडं पाहिलं.

"कूलर भरून राहिलीस?" त्या म्हणाल्या. "थंडीत?"

मला शरम वाटली. खरोखरच वाटली, कानापर्यंत. अंगात स्वेटर घालून मी तिथं कूलर भरत उभी होते. उन्हाळ्याला चार महिने होते. ते पाणी मला नको होतं. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं की नको आहे. पण येतंय तोवर धरून ठेवायचं, सोडायचं नाही, हे माझ्या हातानं परस्पर ठरवलं होतं. मी मोटार बंद केली. काकू तरातरा निघून गेल्या. थोड्या वेळानं टोकाकडून रिकाम्या ड्रममध्ये पाणी पडल्याचा आवाज यायला लागला.

आणि तो ऐकता ऐकता मला माझ्या फाइलमधल्या दोन ओळी आठवल्या. अगदी जशाच्या तशा, कारण मीच लिहिलेल्या. कमीत कमी किती कनेक्शनं हाताशी ठेवायची: पन्नास. रिकामं कनेक्शन किती वेळानं परत द्यायचं: शून्य. शून्य म्हणजे कधीच नाही.

मी चहा न घेता ऑफिसला गेले. दोघं आल्याबरोबर त्यांना ती फाइल उघडून दाखवली आणि म्हटलं, "हे वाचा, आणि यात वेडेपणा कुठं आहे ते सांगा." दोघांनी वाचलं. उमरीच्यांनी दोनदा वाचलं. दोघांनाही काही दिसलं नाही.

मला तेव्हा हसावं की रडावं कळेना. ती फाइल आम्ही तिघांनी मिळून तपासलेली होती. नदीकाठी वाढलेल्या माणसानं पहिल्या वाचनात विचारलं असतं, बाई, कधीच परत द्यायचं नाही, हे असं का? आमच्यातल्या एकाच्याही मनात ते आलं नव्हतं. हातात आलेलं परत द्यायचं कशाला, असंच आम्हा तिघांनाही आतून वाटत होतं.

"कमी केली तर काम हळू चालंल," उमरीचे म्हणाले.

"किती लागतात ते तर बघू आधी," मी म्हणाले. बघू म्हणायची पाळी त्या दिवशी माझी होती.

ते बघायचं काम जळकोटचीचं. ती लॉग घेऊन बसली, फळ्यावर आठ रकाने आखले आणि दोन तास एका जागेवरून हलली नाही. मग उठून तिनं रकान्यांत आकडे लिहिले.

"ताई, एकेक यंत्र पन्नास धरून बसलंय. पण एका टायमाला काम करून राहिलीत फक्त सहा. कधी सात. बाकीची नुसती बसून हाईत."

डेटाबेस एका वेळी तीनशेच्या वर कनेक्शनं देत नाही, हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. फळ्याकडं बघून बाकीचं कुणालाही कळलं असतं. आधी जागी होणारी सहा यंत्रं पन्नास-पन्नास घेऊन तीनशे संपवणार. सातव्याला आणि आठव्याला हाती काही लागणार नाही. सातव्याचे तालुके पहिली यंत्रं काम संपवून बंद झाल्यावर कसेबसे उरकून घेत असत, आठव्याचे शेवटचे तीन राहत. मंगळवारी मी साठ केले तेव्हा पाचच यंत्रांनी सगळं संपवलं होतं. डेटाबेसाचा यात काही दोष नव्हता. तीन आठवडे मी ज्याला त्याला दोष दिला, आणि भिंतीवर डोकं आपटायला लावणारी ती ओळ माझी होती.

मग मला एक फोन करावा लागला. पुण्यात तो डेटाबेस सांभाळणाऱ्या गृहस्थांशी तीन आठवडे माझं कडाक्याचं वाजलं होतं. आमच्या वाट्याला तुम्ही किती कनेक्शनं धरलीत, हा साधा प्रश्न मी त्यांना दोन वर्षांत कधी विचारलाच नव्हता. मिळतील तेवढी घ्यायची असतात, अशीच माझी समजूत. मी फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, चूक माझी आहे, मी तुमची सगळी कनेक्शनं अडवून बसले होते.

 मग ते म्हणाले, "अहो मॅडम, तरीच! रोज एक वाजला की इथल्या दोन टीमचं काम बंद पडतं. मी त्यांना शिव्या घालत होतो." आणि ते चक्क हसले. ऐंशीपर्यंत बिनधास्त घ्या, म्हणाले. मला वाटलं होतं ते मला फाडून खातील.

आम्ही प्रत्येक यंत्राला जास्तीत जास्त आठ कनेक्शनं लिहिली. कमीत कमी दोन. रिकामं पडलं तर मिनिटभरात परत. आठाचा आकडा टाइप करताना माझं बोट खरंच अडखळलं. पन्नासावरून आठ म्हणजे हातचं कुणीतरी काढून घेतंय असं वाटत होतं.

एकला फेरी सुरू झाली. वेग बघून मी खुर्चीत ताठ झाले. भराभर हिरवे होत होते तालुके. आणि मग मधूनच एक लाल, परत थोड्या वेळानं एक लाल. औसा, देगलूर, भूम. कुठलाच मेळ नाही. ह चे तालुके या वेळी व्यवस्थित झाले आणि भलतेच नऊ राहिले. चार वाजून गेले. पुण्याला "अजून नाही" असा मेसेज पाठवून मी पाणी प्यायला उठले आणि पेला आपटला. गुरुवारची एकच फेरी उरली होती. मी परत सगळे आकडे चढवायला निघाले होते, प्रामाणिकपणे सांगते. हात फाइलवर होता.

"ताई, ही ओळ बघा," जळकोटची म्हणाली. ती एव्हाना लॉगमध्ये पार आत शिरली होती. "आता कनेक्शनं सगळ्या यंत्रांना मिळून राहिलीत. मधीच एकदम जास्ती कामं आली की रांग लागती. पण पाळी यायच्या आधीच काही जण सोडून चाललेत. पाच सेकंद थांबतात आन् मग नापास."

पाच सेकंद. तीही ओळ माझीच. कनेक्शन मिळत नसेल तर किती वेळ थांबायचं, त्यापुढं मी पाच लिहिलं होतं. का, ते विचारू नका. मला ओळखणाऱ्या कुणालाही का ते सांगावं लागणार नाही. रांगेत मी कधी उभी राहिलेली नाही, दोन माणसं पुढं असली तर दुकान बदलते.

"पाच सेकंदात कोण उठून जातं?" ती म्हणाली. "जळकोटच्या स्टँडवर या एकदा माझ्यासंगं. गाडी येती, फकस्त थांबावं लागतं."

"किती ठेवू?"

"दोन मिन्टं ठेवा. तेवढ्यात येतीच कुणाची तरी पाळी."

उमरीचे म्हणाले, "बरोबर हाय तिचं." त्यांच्या तोंडून इतकं ठाम वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी खुर्चीतून उठले आणि तिला म्हटलं, "बस इथं. तूच लिही." तिनं पाच खोडून एकशे वीस लिहिलं. मग ती सगळी फाइल तिनं वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचली, आणि प्रत्येक ओळीला आम्हा दोघांना विचारलं, हे असं का? तीन ठिकाणी आमच्याकडं उत्तर नव्हतं. त्यातल्या दोन ओळी तिनं बदलल्या, एक तशीच ठेवली. शेवटची एसटी चुकू नये म्हणून मी तिला अक्षरशः ढकलून बाहेर काढलं.

गुरुवारी दुपारी एकला तिनंच फेरी सुरू केली.

सुरुवात संथ होती. कालच्यापेक्षा संथ, आणि तो संथपणा मला सोसवेना. एकेक तालुका पिवळा व्हायचा, म्हणजे थांबलेला, मग निळा, म्हणजे चालू, आणि मग हिरवा. अंबाजोगाई झालं. औसा झालं. उदगीर, उमरी एकापाठोपाठ झाले, तेव्हा उमरीचे हळूच टाळी वाजवून परत हाताची घडी घालून बसले. जळकोट हिरवं झालं तेव्हा तिनं पाहिलंसुद्धा नाही, ती खालचे तालुके बघत होती. सव्वादोनला अर्धं काम झालं होतं आणि एकही लाल नव्हता. पुण्याच्या डेटाबेसवाल्यांचा मेसेज आला, "इकडे सगळं चालू आहे, तुमचं चालू द्या." तो वाचून मला काय बरं वाटलं ते सांगता येत नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्यामुळं कुणाचं काही अडत नव्हतं.

तीनला दहा कमी असताना हदगाव हिरवं झालं. पाठोपाठ हिंगोली. मग एकच नाव राहिलं.

हिमायतनगर पिवळं झालं आणि पिवळंच राहिलं. दहा सेकंद. वीस.  अर्धं मिनिट. अडकलं, माझी खात्रीच झाली, हे अडकलं, बंद करून पुन्हा सुरू करायला हवं, अजून वेळ आहे. माझा हात माउसकडं गेला आणि जळकोटचीनं तो मनगटापाशी धरला. घट्ट धरला. पूर्वी माझ्याशी बोलताना उभी राहणारी बाई ती.

"थांबा," ती म्हणाली. ताईसुद्धा म्हणाली नाही.

पंचेचाळीस सेकंद. पन्नास. मग हिमायतनगर निळं झालं, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत हिरवं.

मी ओरडले. उमरीचेही ओरडले, आणि त्यांचा आवाज माझ्याहून मोठा निघाला. खालून बारदानावाले शेठ धावत वर आले, त्यांना वाटलं शॉक बसला कुणाला. आम्ही त्यांनाही टाळ्या दिल्या. त्यांनी काही न विचारता घेतल्या. शेठ समोर असताना मी खुर्चीत बसून रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. तीन वाजून सात मिनिटांनी मराठवाड्यातल्या सगळ्या तालुक्यांना निरोप गेला. चारला अजून जवळजवळ तास होता.

साडेतीनला मॅनेजरचा फोन. मी स्पीकरवर घेतला. ते अभिनंदन करायला लागले तेव्हा मी त्यांना अडवलं आणि सांगितलं, की डेटाबेसात काही खोट नव्हती, फाइल माझी चुकली होती, आणि सोमवारी मी जे बोलले ते मागं घेते. अकरा वर्षांच्या पुण्यातल्या नोकरीत मी असं कधी बोलले नव्हते. इथं बोलले, आणि काही बिघडलं नाही.

"ठीक आहे, मॅडम," ते म्हणाले. "काम लातूरला राहील. क्लायंटशी मी बोलतो. आणखी एक. इथल्या दोन क्लस्टरचं पण रोज रात्री काहीतरी अडतं. त्यांच्या फाइली तपासायला कुणीतरी हवं. तुम्ही बघाल?"

"मी नाही," मी म्हणाले. "आमच्याकडं एक जण आहे. या फाइलचं खरं काम तिनं केलंय, आणि इथून पुढं ती फाइल तिच्याकडंच आहे. देते तिला."

मी फोन तिच्यापुढं सरकवला. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. तिनं पदर खांद्यावर नीट घेतला, वही पुढं ओढली आणि म्हणाली, "सर, आधी मला तुमचे लॉग पाठवा. आकडे नंतर सांगते." पुण्याहून "हो मॅडम, लगेच पाठवतो" असं उत्तर आलं.

फोन संपल्यावर ती खिडकीपाशी गेली आणि तिनं घरी फोन लावला. चार दिवस तिनं घरी काही सांगितलं नव्हतं, असं आम्हाला तेव्हा कळलं. शुक्रवारी ऑफिस बंद होणार, हे सोमवारपासून ती एकटीच पोटात घेऊन फिरत होती. फोन सासूबाईंनी घेतला असावा.

"आत्याबाई," ती म्हणाली, "उद्याच्याला डबा लागंल मला." मग पलीकडचं ऐकलं. आम्हा दोघांकडं पाठ होती तिची, आवाज मात्र सगळ्या खोलीला ऐकू जात होता. "हाव. उद्या बी आन् परवा बी. आता रोजच लागंल."